निळं औषध

औरंगाबाद, शहागंज
४ ऑक्टोबर १९७९

कडूबाभाऊ,

सलाम. माझं अक्षर बघून आधी शिव्या देशील, हे माहीत आहे. पण सातवीपर्यंत माझ्याच वहीवरून गणितं उतरवून पास झालास, तेव्हा तुला हे अक्षर लागलंच पाहिजे.

बातमी अशी की चतुरामावशींना मी परवा इथं आणलंय, आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात. घाबरू नकोस, पूर्ण वाच.

घट बसायच्या आदल्या दिवशी माझी अम्मी बांगड्यांची पेटी घेऊन तुमच्या ओट्यावर बसली होती. गावातल्या बायांना नवरात्राच्या बांगड्या भरायच्या होत्या. तुझ्या मायच्या डाव्या हातात भरताना एक बांगडी पिचली आणि काच अंगठ्याच्या बुडाशी शिरली. दर सणाला कुणाला ना कुणाला असं होतंच. अम्मीनं काच काढली, हळद दाबली. मावशी म्हणाल्या, ''राहू दे गं जोहरा, पस्तीस वर्सं आमच्या घरधन्याचं बोलणं टोचून घेतलं, त्याच्यापुढं ही काच काय!'' ओटाभर बाया हसल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच हातानं मावशींनी शेणानं अंगण सारवलं.

मग हात सुजला. बांगड्या मांसात रुतल्या. तेव्हाच त्या फोडून काढायला हव्या होत्या. पण घट बसलेले. घट उठेपर्यंत सवाष्णीच्या हातची बांगडी वाढवायची नाही, असं मावशी म्हणाल्या, तुझे बापू म्हणाले आणि माझी अम्मीही म्हणाली. अम्मीचा तर तो पिढीजात धंदा, रीत तिला जास्त माहीत. दसऱ्याला मी गावी गेले. मावशींना सोनं द्यायला गेले तर त्यांनी उजव्या हातानं आपट्याचं पान घेतलं आणि डावा हात पदराखाली ओढून घेतला. मी पदर बाजूला केला. हात कोपरापर्यंत काळानिळा होता, अंगात ताप फणफणत होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मावशी, काकासाहेब आणि अम्मी, तिघांना घेऊन आले.

इथं अम्मीनंच ओला रुमाल गुंडाळून एकेक बांगडी वाढवली. सर्जननी हात चिरून पू काढला. पेनिसिलीन चालू आहे, सलाईन चालू आहे.

तू मागं विचारलं होतंस, सगीरा, तू डॉक्टरीन झालीस, मग रोग्याला सुई का टोचत नाहीस? मी रोगी बघत नाही, रोग्याचं रक्त बघते. माझं एम.डी.चं काम पांढऱ्या पेशींवर आहे. जखमेतून जंतू रक्तात शिरले की या पेशी धावत येतात आणि जंतूंना खातात. पुस्तकांत त्यांना शिपाई म्हणतात. घरात एक खरा शिपाई असताना मी तसं म्हणणार नाही. मला त्या पंगतीला बसलेल्या खादाड पाहुण्यांसारख्या वाटतात. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दहा हजारांच्या आत असतात. मावशींच्या रक्तात बावीस हजार झाल्यात. म्हणजे अंग झुंजतंय. साधारणपणे जंतू हटले की आकडा खाली येतो.

मी रोज मावशींच्या रक्ताच्या थेंबात एक पिवळा रंग घालते. धडधाकट पेशी तो खाते आणि पोटातून निळी होते. काल शंभरातल्या साठ निळ्या झाल्या. फार सुंदर दिसतं ते, तुला दाखवायला पाहिजे.

तुझे बापू, आमचे काकासाहेब, शेजारी बसलेत. पत्र पेटीत टाकण्याआधी मला त्यांना आणि मावशींना वाचून दाखवावं लागतं. ते म्हणतात, ''पोराला लिव्ह, माय बरी हाये. लई काई लिहू नको.''

तुझी रजा कधी आहे?

सगीरा


मार्फत ५६ ए.पी.ओ.
१२ ऑक्टोबर १९७९

डॉक्टर सगीराबाईंना शिपाई कडूबाचा कडक सॅल्यूट.

तुझं पत्र आज मिळालं. आमची ही चौकी इतकी वर आहे की टपाल आधी विमानानं येतं, मग ट्रकनं, मग खेचरावरून. खेचर मनात आलं तर येतं. आज त्याच्या मनात आलं.

एकदा उभ्यानंच वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मायला तू दवाखान्यात नेलंस, हे पाहून जरा बसलो. नाहीतर आमचे बापू! त्यांनी दसऱ्यानंतर दिवाळी काढली असती. जोहराचाचीला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. काच कुणाला सांगून शिरत नाही.

तुझं पेशींचं मला पटलं. इथं आमच्याकडेही असंच आहे. पलीकडे हालचाल वाढली की आमची संख्या वाढवतात, पलीकडचे शांत झाले की निम्मे लोक खाली बोलावतात. म्हणजे मायचा आकडा खाली आला की लढाई जिंकली. बरोबर ना? मला दर पत्रात आकडा लिहीत जा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. 'बरी आहे, बरी आहे' असं तर बापूसुद्धा लिहवतात.

माझी रजा दिवाळीच्या गाडीला आहे. वीस-एकवीस तारखेला गाडी खाली जाईल. त्यानंतर बर्फ पडला की रस्ता बंद, मग कोण कधी जाईल ते देवालाच माहीत. एका गाडीत आमच्या चौकीच्या एकाच माणसाला जागा आहे आणि या वेळी पाळी माझी आहे.

बापूंना एक सांग. तार पाठवू नका. आमच्या पलटणीत 'मदर सिरीयस, कम सून' अशी तार आली की स्वयंपाकीसुद्धा हसतो. सगळ्यांच्या आया दिवाळीलाच सिरीयस होतात. गेल्या साली चुलतभावाच्या हळदीसाठी बापूंनी तशीच तार केली होती, ती तुला ठाऊकच आहे. सुभेदार साहेबांनी मला रजा दिली, पण परत आल्यावर विचारलं, ''मायचा आजार हळदीनं बरा झाला काय?'' तेव्हा तार नको. खरं काय ते तू पत्रात लिही. तुझ्या आकड्यावर माझा विश्वास.

आणि ते निळं औषध मायला रोज देत जा. थोडं थोडं नको, चांगलं भरपूर दे.

कडूबा


औरंगाबाद
११ ऑक्टोबर १९७९

कडूबाभाऊ,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे, तरी लिहिते आहे. काकासाहेब खाटेच्या पायथ्याशी बसलेत. त्यांना वाटतं, पत्र गेलं नाही तर तू काळजी करशील.

मावशींचा ताप उतरला. आता अंग गार लागतं. पांढऱ्या पेशी बावीस हजारांवर होत्या, त्या आज तीन हजारांच्याही खाली आल्यात. निळ्या रंगाची तपासणी रोज करते. पहिल्या दिवशी शंभरात साठ निळ्या झाल्या होत्या, काल आठ-दहाच झाल्या. हे आकडे नीट वाच.

मावशी जास्त वेळ झोपूनच असतात. मधूनच उठून विचारतात, ''कडूबाला दूध दिलं का?'' तुझे बापू सांगतात, दिलं. मग परत झोपतात. काल अम्मी छावणीच्या बाजारातून मोसंबी घेऊन आली. मावशींनी एक फोड तोंडात धरली, गिळली नाही.

काकासाहेब विचारतात, ''काय लिवलं?'' मी वाचून दाखवलं. ताप उतरला हे ऐकून त्यांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ नुसते हसले. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून आले.

रजा जितक्या लवकर मिळेल तितक्या लवकर घे. दिवाळी म्हणून नाही, असंच.

सगीरा


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२० ऑक्टोबर १९७९

सगीरा,

आज चौकीवर माझ्या नावानं साखर वाटली. तुझं अकरा तारखेचं पत्र काल मिळालं. ताप उतरला! बावीस हजारांवरून तीन हजार! मी ते पत्र चारदा वाचलं आणि पाचव्यांदा नवाबला वाचून दाखवलं. नवाब माझ्या शेजारच्या बिछान्यावरचा, आपल्या जालन्याकडचा आहे. त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकायला मात्र लई आवडतं. तो म्हणाला, ''यार, तेरी अम्मा तो जंग जीत गई.''

आता गंमत ऐक. आज सकाळी बापूंची तार आली. मदर सिरीयस, कम सून! अगं, मी इतकं बजावलं आणि तरी! माझं पत्र तुला मिळायच्या आधीच केलेली दिसते. मी आणि नवाब पोट धरून हसलो. पोराला दिवाळीला घरी बोलवायचंय, दुसरं काय. मायला बरं वाटायला लागलं, ती म्हणाली असेल, पोरगं डोळ्यांपुढं पाहिजे, आणि बापू गेले पोस्टात.

सुभेदार साहेब या वेळी हसले नाहीत. म्हणाले, ''कडूबा, पाळी तुझीच आहे, उद्याच्या गाडीनं जा.'' मी म्हणालो, साहेब, खोटं बोलून जाणार नाही. तुझं पत्र काढून त्यांना मी एकेक ओळ हिंदीत सांगितली. ही आमच्या गावची डॉक्टर आहे, तिनं स्वतः मोजलेला आकडा आहे. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

नवाबची पोरगी अकरा महिन्यांची झाली, त्यानं तिचं तोंड पाहिलेलं नाही. त्याची पाळी बर्फानंतर होती. माझी माय तर आता उठून बसली असेल. मी माझी पाळी त्याला दिली. तो रडला गं, एवढा दांडगा माणूस. उद्या पहाटे गाडी जाईल.

मायला समजावून सांग. म्हणावं, दिवाळीला नाही, पण उन्हाळ्यात दोन महिने येतो आणि तू म्हणशील ती पोरगी बघतो. निळ्या औषधाचे उपकार कसे फेडू? आता थोड्याच निळ्या होतात म्हणजे त्याची गरजही सरत आली असेल.

तुझा आनंदी भाऊ,
कडूबा


औरंगाबाद, प्रयोगशाळा
२० ऑक्टोबर १९७९

कडूबाभाऊ,

तुझं बारा तारखेचं पत्र आज दुपारी मिळालं. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. इथं कुणी नाही.

तू लिहिलंस, आकडा खाली आला की लढाई जिंकली. आणि मी अकरा तारखेलाच तुला लिहून बसलेय की आकडा खाली आला. ते पत्र तुला कालपरवा मिळालं असेल.

भाऊ, ते तसं नाही. मी तुला अर्धंच सांगितलं होतं. जंतू हटल्यावर आकडा खाली येतो, हे साध्या दुखण्यात. विष सगळ्या रक्तात भिनलं, की आकडा दुसऱ्याच कारणानं कोसळतो. हाडांत नवीन पेशी तयार होतात, तिथला साठा संपतो. कच्च्या, अर्धवट वाढलेल्या पेशी बाहेर ढकलल्या जातात. ज्या जुन्या आहेत त्या वाट चुकतात. जखम हातात आहे आणि त्या जाऊन फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत अडकून बसतात, तिथं आपल्याच माणसाला इजा करतात. आणि ज्या जागेवर पोचतात, त्या काम करत नाहीत. मी भिंगातून बघते ना, जंतू त्यांच्या अंगाला अगदी खेटून असतात. ताट पुढं आहे आणि घास उचलत नाहीत. पिवळा रंगही खात नाहीत. म्हणून निळ्या होत नाहीत. ताप उतरणं हेही चांगलं नव्हतं. अंगात ताप चढवायचीही ताकद उरली नव्हती.

मला हे अकरा तारखेलाच कळत होतं. पण काकासाहेब शेजारी होते, मावशी जाग्या होत्या, पत्र मोठ्यानं वाचायचं होतं. मला वाटलं, आकड्यात लिहिलं तर त्यांना कळणार नाही आणि तुला कळेल. तुला कसं कळणार होतं? तुला जेवढं कळत होतं तेवढं मीच शिकवलं होतं.

आमच्या सरांना आज मी गेल्या आठ दिवसांच्या काचा एकापुढं एक मांडून दाखवल्या. त्यांनी सगळ्या बघितल्या. म्हणाले, काम फार चांगलं झालंय. मी विचारलं, सर, या पेशींना परत जागं करायला काय देता येईल? ते भिंगावरून डोळे न उचलता म्हणाले, काही नाही. जंतू मारायची औषधं आपण देतोय. पेशींसाठी आपल्याकडे काही नाही, कुणाकडेच नाही.

मावशींना आता धाप लागते. लघवी जवळजवळ बंद आहे. त्या ओळखतात, पण बोलत नाहीत.

काकासाहेबांनी सतरा तारखेला तार केली. मीच पोस्टात घेऊन गेले होते त्यांना. आणि तू लिहितोस, तारेवर कुणी विश्वास ठेवत नाही! मी आत्ता स्वतः दुसरी तार करायला निघालेय. 'लेटर मिसलेडिंग, मदर डाइंग, स्टार्ट, डॉक्टर सगीरा.' डॉक्टर हा शब्द मुद्दाम घालते आहे, तुझ्या साहेबांसाठी.

तू निघाला असशील तर हे पत्र तुला मिळणारच नाही. मिळू नये.

सगीरा


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२४ ऑक्टोबर १९७९

सगीरा,

तुझी तार काल मिळाली.

गाडी एकवीसला गेली. बावीसला बर्फ पडला. काल मी साहेबांकडे गेलो, साहेबांनी वायरलेसवर विचारलं. खालच्या वळणावर रस्ता गेलाय. हेलिकॉप्टर हवा उघडली की टपाल नेतं, माणूस मात्र जखमी असेल तरच, आणि या हवेत तेही येत नाही. साहेब म्हणाले, ''उस दिन तूने खुद मना किया, बेटा.'' रागानं नाही म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मी चालत जातो म्हणालो. दोघांनी मला धरून आत आणलं.

पत्र कसं चुकीचं असेल? त्यात तर ताप उतरलाय लिहिलंय. मी आज ते पुन्हा वाचलं. 'अंग गार लागतं' हे मी आधीही वाचलं होतं आणि मला वाटलं, ताप उतरल्यावर लागतं तसं. 'हे आकडे नीट वाच' असं तू लिहिलंस. मी नीटच वाचले गं. चारदा वाचले.

आता एक कर. तुला मायच्या दुधाची शपथ. ते निळं औषध दुप्पट कर. तिप्पट कर. पेशी निळ्या होईनात तर होईपर्यंत घालत राहा. महाग असेल तर माझा पगार घरी जातो, तो सगळा घे. मला फक्त दिवस काढून दे. रस्ता मोकळा होतोच, दहा-पंधरा दिवसांत एखादी तरी गाडी निघते. तेवढे दिवस तिला धरून ठेव. तू डॉक्टर आहेस, तुला जमेल. मी सगळ्या चौकीला सांगितलंय की आमची सगीरा तिथं आहे.

तिच्या कानात सांग की मी निघालोय. खोटं असलं तरी सांग.

कडूबा


औरंगाबाद
२ नोव्हेंबर १९७९

कडूबाभाऊ,

तार मिळाली असेल. तरी मला लिहायलाच पाहिजे.

मावशी चोवीस तारखेला सकाळी गेल्या. ज्या दिवशी तू मला हे शेवटचं पत्र लिहिलंस त्याच दिवशी. तुझं साखर वाटल्याचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं आणि हे आज मिळालं. ते साखरेचं पत्र मी काकासाहेबांना दाखवलेलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की बर्फ पडला. ते म्हणाले, ''बरफाला कोन काय करील!'' तू येशील तेव्हा तुला वाटलं तर तू सांग.

तुझं शेवटचं म्हणणं मी न वाचताच पार पाडलं होतं. तेवीस तारखेला संध्याकाळी मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, मावशी, कडूबा निघालाय. तेव्हा मला वाटत होतं की तू खरंच निघालास. म्हणून ते मी अगदी मनापासून सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. नंतर सगळा वेळ त्या दाराकडेच बघत होत्या.

आता ते औषध. भाऊ, निळं औषध असं काही नाही. तो रंग आहे. मी त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायची, तो नळीत ठेवून त्यात रंग घालायची, मग काचेवर पसरून बघायची. तो थेंब परत त्यांच्या अंगात जात नव्हता. त्या रंगानं कळतं एवढंच, की पेशी जागी आहे की नाही. कळल्यावर पुढं काही करता येत नाही. तू दुप्पट कर म्हणालास. मी दिवसातून चारदासुद्धा केलं असतं तर तेच मला चारदा दिसलं असतं. शेवटच्या दिवशी शंभरात एक निळी होती. मी ती काच पुसली नाही. तिच्यावर नावही लिहिलं नाही.

एवढं शिकून मी काय केलं, तर तुझ्या मायचं मरण सगळ्यांच्या आधी पाहिलं. दोन आठवडे आधी. तेवढ्या दिवसांत तू दोनदा येऊन गेला असतास.

अम्मीचं सांगते. काकासाहेब असताना मावशी गेल्या, म्हणून रीतीप्रमाणे सवाष्णीचा हिरवा चुडा भरून पाठवायचं होतं. अम्मीला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणच पेटी घेऊन आली. वॉर्डाबाहेर व्हरांड्यात बसली. डावा हात सुजून एवढा झाला होता की पेटीतलं सगळ्यात मोठं मापही बोटांच्या पुढं जाईना. अम्मीनं एकदा लावून बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग म्हणाली, ''नको चतुरा, आता नाही टोचत तुला.'' आणि दोन्ही हातांच्या बांगड्या तिनं उजव्या हातात भरल्या, कोपरापर्यंत. एकही पिचली नाही.

त्यानंतर अम्मीनं पेटी माळ्यावर टाकलीय. तुळशीच्या लग्नाच्या बांगड्यांसाठी बाया दारात येऊन परत गेल्या. ती म्हणते, ''घट बसले होते, देवीनं मला काही केलं नसतं. मी तेव्हाच वाढवायला हव्या होत्या.'' दिवसभर हेच म्हणते. आणि ते खरं आहे.

मलाही शिव्या देणारं पत्र लिही. लिहिलं नाहीस तर मला जास्त लागेल.

सगीरा


मार्फत ५६ ए.पी.ओ.
९ डिसेंबर १९७९

सगीरा,

तुला शिव्या द्यायला बसलो होतो, दोनदा. जमलं नाही. मग स्वतःला दिल्या, मग खेचराला दिल्या.

रस्ता अजून बंद आहे. दहाव्याला इथंच डोकं भादरलं. पलटणीच्या पंडितजींनी वायरलेसवरून मंत्र सांगितले, मी म्हणत गेलो. मधून मधून आवाज जायचा, तेव्हा गप्प बसायचो. पिंडाला शिवायला कावळा इथं नाही. साहेब म्हणाले, राहू दे, उघड्यावर ठेव, जो येईल तो घेईल. पाणी ओतलं ते जमिनीवर पडताच गोठलं.

जोहराचाचीला माझा निरोप दे, अगदी असाच दे. म्हणावं, माळ्यावरची पेटी खाली काढ. काच तू काढलीस, हळद तू लावलीस आणि शेवटी माझ्या मायला भरल्या हातानं तूच पाठवलंस, मी तर तेही केलं नाही. मी लग्न करीन तेव्हा माझ्या बायकोच्या हातात तूच बांगड्या भरायच्या. पण चाची, तिचा हात सुजला तर तू माझं ऐकायचं नाहीस, बापूंचं नाही, घटाचंही नाही. लगेच वाढवायच्या.

बापूंना साखरेचं मी सांगेन. तू नको सांगूस.

काल पुन्हा हवा उघडली आणि हेलिकॉप्टरनं टपाल टाकलं. त्यात माझ्या नावानं एक पार्सल होतं. जालन्याहून, नवाबच्या आईनं पाठवलेलं. पत्र्याच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणि तिच्या तोंडची एक चिठ्ठी, नवाबनं कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेली. चिठ्ठीत आहे: ''माझ्या लेकाला तू तुझी पाळी दिलीस. त्यानं लेक पाहिली, मी त्याला पाहिलं. तुझ्या आईला बरं वाटतंय हे ऐकून आनंद झाला. हे लाडू तिच्या हातचे समजून खा.''

त्या माउलीला कुणी कळवलेलंच नाही. नवाबलाही ठाऊक नाही.

चौकीवरचे सगळे भोवती जमले. डबा उघडला, गुळाचा वास सुटला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, भूक लागली होती. सगळे म्हणाले, कडूबा, पहिला तू घे. मी डबा मांडीवर घेऊन बसलो. तू लिहिलं होतंस ना, ताट पुढं असतं आणि घास उचलत नाहीत. तेव्हा मला ते समजलं नव्हतं. काल मी तसाच बसून होतो आणि हात वर जाईना.

साहेबांनी माझ्या मांडीवरून डबा उचलला आणि सगळ्यांना वाटला. माझा एक लाडू कागदात बांधून ठेवलाय.

कडूबा